ऊन पडलं की नाला चढतो

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. पाऊस लागला की ओढा चढतो आणि उघडीप मिळाली की तासा-दोन तासांत उतरतो. जुलैत एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहून आपण आधी आभाळाकडे बघतो. काळं आभाळ दिसलं की गावातल्या चहाच्या टपरीवर थांबायचं, निळं दिसलं की निघायचं. वर्षानुवर्षांच्या पावसाळी भटकंतीनं हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं.

मे-जून महिन्यांत हिमालयात जाताना ही सवय घरी ठेवून जावं लागतं. तिथे त्या दिवसांत ओढा चढतो तो ऊन पडल्यामुळे. आभाळ जितकं निळं आणि दिवस जितका सुरेख, तितकं दुपारचं पाणी मोठं. वर ढगाचा ठिपका नसतो, थेंबभर पाऊस नसतो, आणि सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला नाला दुपारी तीन वाजता मांडीपर्यंत आलेला असतो. आपल्या माणसाला हे पटकन पटत नाही. आज मी बोलणार आहे ते याच विषयावर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडून हिमालयात जाणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सार पासच्या मोहिमेला कसोलच्या तळावर मे महिन्यात गेलात, तर तंबूतंबूतून मराठी ऐकू येतं. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडची मंडळी. कुटुंबाबरोबर मनालीला गेलेले लोकही आता दोन-तीन दिवस काढून जवळच्या एखाद्या कुंडापर्यंत चालून येतात. निघण्याआधी मला फोन येतात. बूट कोणते घेऊ, थंडी किती असेल, उंचीचा त्रास होईल का, तिथे जेवायला काय मिळतं. प्रश्न सगळे योग्यच. पण 'ओढे किती वाजता ओलांडायचे?' असं मला अजून एकाही मराठी माणसानं आपणहून विचारलेलं नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची खोड त्यामुळे मला आहेच.

उदाहरणासाठी एकच वाट घेते, मनालीजवळच्या बियास कुंडाची. रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही, तेव्हा डोळ्यांपुढे आणा. मनाली साधारण २,०५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच. तिथून वर सोलंगचं पठार. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध, उन्हाळ्यात घोडे आणि मक्याची कणसं. त्याच्या पुढे धुंदी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्याचं दक्षिण तोंड इथेच जवळ आहे. हा बोगदा खोदताना सर्वांत जास्त छळलं ते सेरी नाल्याखालच्या भागानं. जेमतेम सहाशे मीटरचा पट्टा, पण ठिसूळ खडक आणि सतत झिरपणारं पाणी. त्यात वर्षामागून वर्षं गेली. या प्रदेशात पाणी कोणाला सोडत नाही, एवढंच त्यावरून लक्षात ठेवू.

धुंदीपासून पायवाट सुरू होते. डाव्या-उजव्या हाताला लहानमोठे नाले उतरत असतात. तीन-साडेतीन तासांवर बकरथाच लागतो. थाच म्हणजे तिकडच्या भाषेत डोंगरातलं गवताळ कुरण. गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन तिथे येतात. उंची सुमारे ३,३०० मीटर. पुढे हिमनदीनं कधीकाळी आणून टाकलेल्या दगडमातीच्या प्रचंड ढिगाऱ्यांवरून चढत गेलं, की सुमारे ३,७०० मीटरवर बियास कुंड. लहानसं तळं, आणि भोवती अर्धवर्तुळात हनुमान टिब्बा, शितीधर, फ्रेंडशिप अशी शिखरं. फ्रेंडशिप ५,२८९ मीटर, तर हनुमान टिब्बा सहा हजारांना थोडाच कमी. सगळी शिखरं बर्फानं लादलेली. बियास नदीचा एक उगम हा मानतात. व्यासमुनींचं नाव त्याला चिकटलेलं आहे. नदीचं जुनं नाव विपाशा. पुत्रशोकानं वेडे झालेल्या वसिष्ठांनी स्वतःला दोरांनी बांधून तिच्यात उडी घेतली आणि नदीनं ते पाश सोडवून त्यांना काठावर आणून टाकलं, म्हणून ती वि-पाशा, अशी महाभारतातली कथा. जून महिन्यातली ही नदी पाहिली की ती कुणाला काठावर सुखरूप आणून टाकेल हे मात्र खरं वाटत नाही.

आता थोडं विज्ञान. बर्फ वितळायला उष्णता किती लागते? शून्य अंशाचं एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. म्हणजे ते एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागेल, तितकी नुसती बर्फाचं पाणी होण्यात खर्च होते. म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये ऊन कडक असूनही डोंगर एकदम मोकळा होत नाही. त्यात ताजं बर्फ पांढरंशुभ्र असतं, पडलेल्या प्रकाशातला ८०-९० टक्के ते परत फेकतं. पण दिवस जातात तसं बर्फ जुनं होतं. त्याचे कण मोठे होतात, त्यावर धूळ, काजळी, पाचोळा बसतो. ते मळकट दिसू लागतं आणि निम्माच प्रकाश परत फेकतं, कधी त्याहूनही कमी. उरलेला आत शिरतो. तेच ऊन, पण कामाला लागलेली उष्णता तिप्पट-चौपट. जूनमध्ये सूर्य सर्वांत उंच आणि दिवस सर्वांत मोठा असतो, आणि नेमकं त्याच वेळी बर्फ मळलेलं असतं.

शिवाय जूनचं बर्फ दाबून घट्ट झालेलं असतं. जानेवारीत पडलेलं भुसभुशीत बर्फ मीटरभर साचलं तरी त्यात पाणी दहा सेंटीमीटरच असतं. जूनमधल्या मीटरभर बर्फात चाळीस-पन्नास सेंटीमीटर पाणी सापडतं.

आता एक हिशेब करू. चांगल्या उन्हाच्या दिवशी तीन सेंटीमीटर पाणी होईल एवढं बर्फ वितळलं असं धरा. जूनसाठी हा आकडा वाढवून सांगितलेला नाही. एका नाल्याच्या डोक्यावर फक्त एक चौरस किलोमीटर बर्फ आहे असं समजा. तर त्या एका दिवसात तीस हजार घनमीटर पाणी सुटलं, म्हणजे तीन कोटी लिटर. दुष्काळी गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आपल्या ओळखीचा आहे. तसे तीन हजार टँकर. आणि नाल्याच्या डोक्यावर एकच चौरस किलोमीटर बर्फ आहे असं सहसा नसतं.

हे पाणी दिवसभर सारखं येत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशात सोडत राहतो. हवा शून्याच्या थोडी वर असली तरीही वरचा थर गोठतो. वितळणं थांबतं. दिवसा झालेलं पाणी थरांतून झिरपत रात्रभर निचरत राहतं आणि नाला हळूहळू उतरत जातो. सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत लहान असतो. सकाळी ऊन उतारावर येतं. पहिले दोन तास वरचा गोठलेला थर मऊ करण्यात जातात. दहाच्या सुमारास बर्फातून थेंब टपकू लागतात. बारा-एकला वितळणं जोरात. पण ते पाणी बर्फाच्या थरांतून, दगडांखालून वाट काढत नाल्यात यायला वेळ लागतो, म्हणून नाल्याचा भर दुपारी तीन-चार-पाच वाजता. त्यानंतर ऊन कललं, हवा गार झाली, आपल्याला वाटतं आता पाणी ओसरेल. ते ओसरत नाही, आणखी दोन-तीन तास तसंच राहतं. आणि हाच फुगवटा खाली खाली सरकत दूरच्या गावांपर्यंत संध्याकाळी, कधी पार रात्री पोहोचतो.

यातही बारकावे आहेत. ज्या नाल्याचं बर्फ पूर्वेकडे तोंड केलेल्या उतारावर आहे त्याला सकाळचं ऊन आधी मिळतं, तो लवकर चढतो. पश्चिमेकडे तोंड असलेला उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. म्हणून शेजारशेजारचे दोन नाले एकाच वेळी सारखे नसतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामावर चहा घेताना 'उद्याच्या नाल्याचं पाणी येतं कुठून, आणि त्या उतारावर ऊन कधी येतं' हे नुसतं बघून ठेवलं तरी पुरतं. त्याला काही यंत्र लागत नाही.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही सातजण या वाटेवर होतो. आदल्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडलं होतं आणि जून उजाडला तरी बकरथाचच्या वर सगळीकडे पांढरे पट्टे होते. आमचा वाटाड्या मनालीजवळच्याच गावचा, चाळिशीतला. मी त्याला भैया म्हणायची, तो मला मॅडमजी. संध्याकाळी जेवताना त्यानं दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगितला. पहाटे साडेचारला निघायचं, आठपर्यंत कुंडावर, साडेनऊच्या आत परत येताना नाला ओलांडून अलीकडे. आमच्यातल्या एका तरुणानं हरकत घेतली. म्हणाला, "एवढ्या पहाटे कशाला? अंतर तर चारच किलोमीटर आहे." वाटाड्या हसला. "भाई, किलोमीटर से क्या होता है," एवढंच म्हणाला आणि भांडी आवरायला लागला.

पहाटे निघालो तेव्हा बर्फ दगडासारखं कडक. बुटाची टाच मारून पायरी करत जावं लागत होतं. नाला गुडघ्याच्या बराच खाली, आवाजही फारसा नाही. काठावरच्या दगडांवर मात्र उडालेल्या शिंतोड्यांचा काचेसारखा पातळ बर्फ जमला होता. पहाटेच्या नाल्याचा हाच एक धोका. लोक पाय ओले होऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर उड्या मारत जातात आणि त्या काचेवरून सटकतात. वाटाड्यानं सगळ्यांना मोजे काढायला लावून, बूट घालून सरळ पाण्यातून नेलं. पाणी शून्याच्या जेमतेम वरचं. पंधरा-वीस पावलांत पायांची जाणीव गेली. पलीकडे जाऊन पाय पुसले, कोरडे मोजे घातले, पाच मिनिटांत पाय परत आमचे झाले.

कुंड अर्धं गोठलेलं होतं. त्याच्याबद्दल फार सांगत नाही, ते जाऊन पाहावं. पावणेदहाला आम्ही नाल्याच्या अलीकडे होतो, आणि पाणी तेव्हाच वीतभर वाढलेलं होतं.

खरी गोष्ट दुपारची. आम्ही कुरणात तंबूंपाशी पडलो होतो. साडेतीनच्या सुमाराला नाल्याच्या पलीकडे पाच-सहा माणसं दिसली. कुठून आली होती माहीत नाही, बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. नाल्याचा आवाज एव्हाना असा होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. पाण्याचा रंग बदलला होता, सकाळचा निळसर जाऊन राखाडी. आणि त्या गोंगाटाच्या खाली आणखी एक आवाज होता, दुरून गाडा गेल्यासारखा. तळातले दगड गडगडत जात असल्याचा तो आवाज. पलीकडच्यांतला एकजण पाण्यात दोन पावलं टाकून परत मागे गेला. मग त्यानं कंबरेला दोर बांधायला सुरुवात केली. आमचा वाटाड्या धावत काठावर गेला आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून उभा राहिला. मग हातानं झोपण्याची खूण, मग सूर्य उगवण्याची. बराच वेळ हे चाललं. त्यांना शेवटी समजलं. थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला एका मोठ्या धोंड्याखाली ती मंडळी बसली. रात्री त्यांच्या बॅटरीचा उजेड अधूनमधून दिसायचा. आमच्यातलं कुणी नीट झोपलं नाही. पहाटे साडेपाचला ते सगळे आठ-दहा मिनिटांत नाला ओलांडून आले. गारठले होते, चिडलेही होते, आमच्या स्वयंपाक्यानं त्यांना चहा आणि खिचडी दिली.

दोर बांधून पाण्यात उतरू पाहणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. दोर म्हणजे सुरक्षितता असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण वाहत्या पाण्यात अंगाला पक्का बांधलेला दोर ताणला गेला की पाणी त्या माणसाला वर उचलत नाही, खाली दाबतं. प्रशिक्षित माणसं दोर वापरतात ते वेगळ्या पद्धतीनं. आपल्यासारख्यांनी काठीवर भिस्त ठेवावी.

ओलांडायचंच असेल तर त्याची रीत अशी. जागा निवडताना अरुंद ठिकाण टाळायचं. तिथे अंतर कमी दिसतं म्हणून मोह होतो, पण सगळं पाणी तिथेच दाटून खोल आणि वेगवान झालेलं असतं. जिथे पात्र पसरलेलं आहे, पाण्याच्या दोन-तीन धारा झाल्या आहेत, ती जागा बरी. मग खालच्या अंगाला बघायचं. पाय सुटलाच तर आपण कुठे जाऊ? वाळूच्या पट्ट्यावर, की धबधब्यावरून, की बर्फाच्या बोगद्यात? उत्तर दुसरं किंवा तिसरं असेल तर ती जागा सोडून द्यायची. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडायचे, म्हणजे पडलो तर सॅक फेकता येते. तोंड पाण्याच्या उगमाकडे, काठी पुढे रोवून तिसरा पाय, आणि आडवं सरकत एका वेळी एकच पाय हलवायचा. तिघं-चौघं असतील तर एकमेकांचे खांदे पकडून. अनवाणी मुळीच जायचं नाही. आणि पाणी गुडघ्यावर असेल, वेग असेल, तर विषय बंद. कारण वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. सकाळपेक्षा दुपारी पाणी खोलही असतं आणि वेगवानही, दोन्ही एकदम. दगड गडगडल्याचा आवाज आला तर खोली मोजायचीही गरज नाही. जे पाणी तळातले धोंडे हलवतं, ते आपल्याला हलवणारच.

नाला बर्फाखालून जात असेल तर लोकांना बरं वाटतं. वर बर्फाचा पूल आहे, पाय ओले होणार नाहीत! या पुलाला पाणी खालून खात असतं. वरून तो सकाळी जसा दिसतो तसाच दुपारी दिसतो, आतून मात्र कमान रोज पातळ होत जाते. काठाशी आणि मोठ्या धोंड्यांभोवती तर हमखास पोकळी असते, कारण काळा दगड ऊन पितो आणि भोवतीचं बर्फ आधी वितळवतो. बर्फातून डोकं काढलेल्या धोंड्याजवळ विसाव्याला जाणं हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव, आणि तिथेच पाय कमरेपर्यंत आत जातो. धोंड्यापासून चार हात लांबून जावं. पूल ओलांडायचाच तर पहाटे, एकेकानं, काठीनं ठोकून बघत. मधोमध खळगा पडलेला किंवा बर्फ करड्या-निळ्या रंगाचं दिसत असेल तर वळसा घ्यावा, मग तो तासाभराचा का असेना.

आता या घड्याळाला अपवाद आहेत, आणि ते माहीत नसले तर घड्याळच घात करतं.

पहिला अपवाद ढगाळ रात्रीचा. ढग असले की बर्फानं सोडलेली उष्णता ढग परत खाली पाठवतात. बर्फ गोठत नाही. पहाटे पाच वाजता बाहेर पडून बर्फावर पाय टाका. पाय वर राहिला, कडक लागला, तर रात्री गोठलं आहे आणि नाला उतरलेला असणार. पाय घोट्यापर्यंत आत गेला तर नाल्याची रात्र झालेलीच नाही. त्या दिवशी नाल्यापलीकडचा बेत रद्द. दिवसभर ढग राहिले तर दुपारचं पाणी कदाचित कमी चढेल, पण मुळात ते सकाळीच चढलेलं असतं.

दुसरा अपवाद पावसाचा. 'पाऊस पडला की बर्फ भराभर वितळतं' असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघा. दहा अंश तापमानाचा दहा मिलीमीटर पाऊस बर्फावर पडला तर त्याच्याजवळची सगळी उष्णता खर्चून तो फक्त सव्वा मिलीमीटर पाणी वितळवतो. म्हणजे नुसत्या पावसाच्या उष्णतेनं फारसं काही होत नाही. मुख्य काम करते ती पावसाबरोबर येणारी उबदार, दमट हवा. त्या हवेतली वाफ गार बर्फावर दव होऊन बसते, आणि वाफेचं पाणी होताना दर ग्रॅमला सुमारे सहाशे कॅलरी सुटतात. एक ग्रॅम दव सात ग्रॅमांहून जास्त बर्फ वितळवतं. त्यात पावसाचं स्वतःचं पाणी मिसळतं आणि रात्रीही थांबत नाही. उबदार वारं, पाऊस, आणि ढगाळ रात्र हे तिन्ही एकत्र आले तर त्या खोऱ्यातून खाली यावं, तेही वाटेतल्या नाल्यांना विचारून.

ऊन तापलं की फक्त पाणीच सुटतं असं नाही. रात्री खडकाच्या भेगांत गोठलेलं पाणी दगडांना धरून ठेवतं, ऊन लागलं की ते दगड सुटतात. दुपारी अरुंद घळीच्या तोंडाशी डबा खायला बसू नये. उभ्या उतारावरचं भिजलेलं बर्फही दुपारीच घसरतं. आणि उन्हाचा तिसरा प्रताप म्हणजे डोळे. बर्फावरून प्रकाश खालूनही येतो, टोपी असली तरी. चांगला गॉगल नसेल तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसरा दिवस तंबूत जातो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत कातडी भाजलेली मी पाहिली आहे.

हे सगळं चढणाऱ्यांसाठी झालं. पण बर्फाच्या पाण्याचं घड्याळ खाली नदीकाठी हॉटेलात उतरलेल्यांनाही लागू असतं. पंडोह धरणापाशी बियासच्या वर्षभराच्या पाण्याचा अभ्यास झालेला आहे. त्यात सुमारे ३५ टक्के वाटा बर्फाचा आणि हिमनद्यांचा निघाला, आणि तो प्रामुख्यानं उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत येतो. या नदीवर जलविद्युत प्रकल्प आहेत. काहींच्या बांधामागे साठवायला जागा थोडी असते, त्यामुळे जास्तीचं पाणी सोडावं लागतं. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी पात्रातल्या खडकांवर उभे राहून छायाचित्रं काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथे चूक उन्हाची नव्हती, धोक्याचा इशारा नीट न देता पाणी सोडणाऱ्या माणसांची होती. पण त्या मुलांनाही आभाळ मोकळंच दिसत होतं. मोठ्या नदीच्या पात्रातल्या खडकांवर उतरू नये, कोरडे असले तरी. काठावरच्या वाळूवर ओला पट्टा दिसतो, तो आदल्या रात्रीच्या पाण्याची खूण असते. तंबू त्याच्या बराच वर लावायचा.

तारखांबद्दलही विचारतात. कधी जावं? जुन्या पुस्तकांत बर्फ अमुक आठवड्यात हटतं असं लिहिलेलं असतं. त्यावर आता फार विसंबता येत नाही. २०२२ चा मार्च कमाल तापमानाच्या हिशेबानं भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, म्हणजे वितळण्याचा हंगाम त्या वर्षी आधीच सुरू झाला. उलट एखाद्या वर्षी एप्रिलमध्ये मोठी बर्फवृष्टी होते आणि हंगाम जूनअखेरपर्यंत लांबतो. तारखेपेक्षा आदल्या आठवड्यात त्या वाटेवरून आलेल्या माणसाला विचारावं. स्थानिक वाटाड्या, मेंढपाळ, ढाबेवाला. 'रास्ता खुला है क्या' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. 'दोपहर को नाला कितना आता है' असं विचारलं तर ते हात मांडीवर ठेवून दाखवतात.

तीन दिवसांच्या या फेरीचा आराखडा विचाराल तर मी असा देते. मनालीत एक रात्र पूर्ण विश्रांती, उंचीची सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर धुंदी सोडून दुपारपूर्वी बकरथाच. तिसऱ्या दिवशी पहाटे कुंड, आणि दहाच्या आत नाल्याच्या अलीकडे. त्याच दिवशी खाली उतरण्याचा हट्ट करू नये. उतरताना धुंदीपर्यंतचे बाकीचे नाले दुपारी भेटतात. तो दिवस कुरणात काढावा आणि चौथ्या दिवशी सकाळी उतरावं. म्हणजे तीन दिवसांचे चार दिवस होतात. परतीची गाडी किंवा विमान त्याच संध्याकाळचं काढू नये, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढावं. मी पाहिलेली बरीच चुकीची ओलांडणी पाण्याच्या अज्ञानापेक्षा आरक्षणाच्या तिकिटापायी झालेली होती.

आणि नाल्याच्या चुकीच्या बाजूला अडकलातच, तर तिथेच रात्र काढायची तयारी सॅकमध्ये असावी. एकवेळचं जादा खाणं, चिवडा, गुळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, जे न शिजवता खाता येईल ते. कोरडे मोजे आणि एक लोकरी टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. अंगाखाली घालायला सॅक, अंगावर पावसाळी कोट. बॅटरी, आणि काडेपेटी वेगळ्या डबीत. पाण्यापासून उंचावर, घळीच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या आड बसायचं. जूनमध्ये तिकडे पाचच्या आधीच फटफटायला लागतं. तोवर पाणी उतरलेलं असतं.